बीच वेव्ह्ज हॉलवर पोचेपर्यंत सरळ का होतात? घरी करताना हे नक्की बघा

नमस्कार मैत्रिणींनो, कशा आहात सगळ्या? आज आपण बीच वेव्ह्ज करणार आहोत, म्हणजे ते पार्लरवाले टाइट स्प्रिंगसारखे कर्ल्स नाही हं, दिवसभर समुद्रावर वारा खाऊन आल्यावर केस कसे मोकळे, जरा विस्कटलेले, हलकेच वळलेले दिसतात ना, तसे. आणि ज्यांनी ज्यांनी घरी ट्राय केलंय त्यांची जवळपास सगळ्यांची तक्रार एकच असते, ताई आरशासमोर मस्त दिसत होते आणि लग्नाच्या हॉलवर पोचेपर्यंत सरळ झाले. तर आज तेच नीट समजून घेऊ, कारण ते कळलं की मग तुम्ही वेणी घाला, ओढणी गुंडाळा नाहीतर स्ट्रेटनर घ्या, वेव्ह्ज टिकतात.

आधी थोडं केसांबद्दल, कंटाळू नका, पटकन सांगते. केस केराटिन नावाच्या प्रोटीनचे बनलेले असतात आणि त्याच्या आत दोन प्रकारचे बॉन्ड महत्त्वाचे. एक डायसल्फाइड, ते एकदम पक्के, पर्मिंग (केस कायमचे कुरळे करणं) किंवा रीबॉन्डिंग (कायमचे सरळ करणं) यांच्या केमिकलनेच तुटतात. दुसरे हायड्रोजन बॉन्ड, हे नाजूक, नुसतं पाणी लागलं किंवा गरम झालं तरी सुटतात, आणि केस परत वाळताना किंवा थंड होताना ज्या आकारात असतील त्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणजे बघा, वेव्ह पक्की होते ती वाळताना आणि थंड होताना. आणि आपण नेमकी तिथेच घाई करतो, वेणी आतून ओली असताना सोडतो, गरम बटेत लगेच बोटं घालतो, आणि मग ती सुटली की म्हणतो माझे केस वळतच नाहीत. वळतात हो, त्यांना वेळ द्या.

यावरूनच कळेल की मुंबई, अलिबाग, रत्नागिरीकडे वेव्ह्ज लवकर का उतरतात. हवेत दमटपणा असतो, ते पाणी केसात शिरतं आणि जुळलेले बॉन्ड परत सुटतात. थंडीत पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत त्याच वेव्ह्ज जास्त वेळ राहतात. त्यामुळे कोकणात किंवा पावसाळ्यात करणार असाल तर थोडे जास्त टाइट वळवा, सैल तर ते होणारच आहेत.

आता तयारी. खोबरेल तेल केसांच्या आतपर्यंत जातं, केसांसाठी छान आहे, पण ज्या दिवशी वेव्ह्ज करायच्या त्या दिवशी तेल नको, केस जड होतात आणि वळण धरत नाहीत. आदल्या दिवशी चंपी झाली असेल तर शाम्पू दोनदा करा, कंडिशनर फक्त मधल्या भागापासून टोकांपर्यंत, मुळांना अजिबात नाही. बोअरचं पाणी येत असेल तर क्षार बसून केस राठ होतात, तेव्हा शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या, फरक जाणवतो.

पहिली पद्धत वेणी. सगळ्यात सोपी, फुकट, आणि केसांना काही त्रास नाही. केस धुतल्यावर लगेच वेणी घालायची नाही, जवळजवळ वाळू द्यायचे, हाताला फक्त थोडा गारवा लागला पाहिजे. आपल्याकडे बऱ्याच जणींचे केस जाड असतात आणि ओल्या केसांची जाड वेणी सकाळपर्यंत आतून ओलीच राहते. एकच सैल वेणी घातली तर फक्त खालच्या अर्ध्या केसांना वळण येतं, वरचे सपाट. दोन घातल्या की बरं दिसतं, आणि वरपासून हवं असेल तर दोन्ही बाजूंनी सागरवेणी घाला. जितक्या जास्त वेण्या तितक्या बारीक लहरी, म्हणून बीच लुकसाठी दोन, फार तर तीन पुरे. शेवटची दोन बोटं केस न विणता सोडा, टोकं सरळ राहिली की ते खरंच समुद्रावरचे वाटतात. रबर बँड नको, त्याची खूण पडते, कापडी स्क्रंची लावा. आणि कपाळापाशी ओढून घट्ट घालू नका प्लीज, रोज तसं केलं तर पुढचे केस विरळ होतात.

दुसरी पद्धत ओढणीची, बाहेर साटिनचा रॉड मिळतो तेच काम. घरात सिल्की ओढणी असेल तर ती किंवा जुन्या टी-शर्टची लांब पट्टी कापा, जाडसर पिळा करा, डोक्यावर हेअरबँडसारखी ठेवा आणि मधोमध क्लिप लावा. आता पुढची एक बट घ्या आणि पट्टीभोवती चेहऱ्यापासून लांब, मागच्या दिशेने गुंडाळा, प्रत्येक वेढ्याला मागचे थोडे थोडे केस घेत चला, शेवटी स्क्रंची. दुसरीकडे तसंच. झोपताना थोडं अडचणीचं वाटतं, पण वेणीपेक्षा याच्या लहरी मोठ्या आणि गुळगुळीत येतात, म्हणून लग्नकार्याला मी हीच सांगते. सकाळी वरची क्लिप काढा आणि पट्टी हळूच ओढून घ्या, केस उलगडत बसू नका. मग त्या लटांना तसंच राहू द्या, तोपर्यंत साडी नेसून घ्या, आणि सगळ्यात शेवटी बोटांनी मोकळं करा. कंगवा नको, कंगव्याने लहरी जातात आणि नुसता फुलोरा उरतो.

तिसरी, हीटवाली, म्हणजे वाँड (केस गुंडाळायचा तापणारा गोल दांडा) किंवा स्ट्रेटनरने. इथे जरा लक्ष द्या. केस पूर्ण, म्हणजे पूर्ण कोरडे हवेत. मशीन लावल्यावर चर्र आवाज आला आणि वाफ निघाली तर थांबा, कारण केसाच्या आतलं पाणी उकळून वाफ होते आणि केसात अक्षरशः बुडबुडे तयार होतात, केस तिथेच तुटतो. हीट प्रोटेक्टंट, म्हणजे केसांना उष्णतेपासून जपणारा स्प्रे किंवा क्रीम, लावा, पण तो लावला म्हणून कितीही तापवलं तरी चालतं असं नाही, तो उष्णता हळू पोचवतो, अडवत नाही, आणि स्प्रे असेल तर तोही वाळू द्या. टेम्परेचर बारीक किंवा कलर केलेल्या केसांना साधारण 150 डिग्री, जाड केसांना 170 ते 180. 200 च्या वर जाऊच नका, मशीनवर आकडा आहे म्हणून वापरायलाच पाहिजे असं काही नाही.

वाँड असेल तर लांब केसांना 32 मिमी घ्या, खांद्यापर्यंतच्या केसांना 25 मिमी. बट साधारण दोन बोटं रुंद, डोळ्यांच्या लेव्हलपासून खाली वळवायची, वरचं नाही, टोक बाहेर सोडायचं, पाच ते आठ सेकंद, झालं. वाँड नसेल तर साध्या स्ट्रेटनरने करा, मला तर ते जास्त नॅचरल वाटतं. कानाजवळ बट पकडा, स्ट्रेटनर अर्धा फिरवा आणि न थांबता हळूहळू खाली सरकवा, मध्ये थांबलात की चपटी खूण पडते. चेहऱ्याजवळच्या दोन्ही बटा बाहेरच्या दिशेने, बाकीच्या एक इकडे एक तिकडे, सगळ्या एकाच दिशेने केल्या तर त्या एकमेकींत मिसळून एकच मोठं भेंडोळं होतं.

आणि आता हात लावायचा नाही. खरंच नाही. बट हाताला गार लागेपर्यंत थांबा, घाई असेल तर पुढच्या बटा गुंडाळून क्लिप करून ठेवा. सगळं डोकं थंड झालं की मान खाली घालून बोटं फिरवा, मग स्प्रे.

स्प्रेचं सांगते. समुद्राच्या पाण्यात केसांना असा टेक्श्चर येतो तो मिठामुळे, मीठ केसांवर वाळून बसतं आणि केस एकमेकांना धरून ठेवतात. घरी करायचं तर एक कप कोमट पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक चमचा कोरफडीचं जेल, स्प्रे बॉटलमध्ये हलवून मधल्या भागावर मारा. पण मीठ केस कोरडे करतं, त्यामुळे कलर केलेले किंवा आधीच रुक्ष केस असतील तर हे करू नका, जवसाचं जेल करा. दोन मोठे चमचे जवस, एक कप पाणी, मध्यम आचेवर ढवळत राहा, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गॅस बंद आणि गरम असतानाच गाळा, गार झाल्यावर ते गाळणीतून उतरत नाही. फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. विदर्भ-मराठवाड्यात चटणीसाठी जवस घरात असतातच, त्यातलेच घ्या. वेणी घालण्याआधी ओलसर केसांना थोडंसं चोळलं की वेव्ह्ज धरून राहतात आणि केस मऊ पण राहतात, मला मिठापेक्षा हे कितीतरी जास्त आवडतं.

ज्यांनी रीबॉन्डिंग केलंय त्यांच्यासाठी, तुमचे ते पक्के बॉन्डच केमिकलने सरळ बसवलेत, त्यामुळे वळण कमीच धरणार. म्हणून टेम्परेचर वाढवू नका, केस जळतील, वळणार नाहीत. ओढणी बांधा, जवस लावा, आणि जेवढं येईल तेवढं छान आहे.

गजरा माळायचा असेल तर वरचे अर्धे केस मागे पिन करा आणि गजरा त्या पिनेवर, वेव्ह्जवर ओझं नको, आणि फुलांवर पाणी शिंपडून माळू नका, तेवढ्या ओलीनेही बटा सुटतात. रात्री सगळे केस वर घेऊन सैल अंबाडा घाला, दुसऱ्या दिवशी फक्त पुढच्या चार बटा परत केल्या तरी भागतं. मिठाचा स्प्रे मारला असेल तर तेल लावण्याआधी केस धुऊन घ्या, त्यावरच तेल चोळलं तर खडबडीत केसात गुंता होतो आणि तो सोडवताना केस तुटतात.