फिले: बेट बदललेलं देऊळ

इजिप्तमधल्या आस्वानजवळचा, नाईल नदीवरचा शेलालचा धक्का. फिलेच्या प्राचीन देवळाला जायचं तर इथूनच होडी. देवळाचं तिकीट वेगळं, होडीचं भाडं वेगळं, आणि भाडं घासाघीस करून आधीच ठरवलेलं बरं.

होडी वळली की समोर येतं ते हे, इसिस देवीचं मंदिर. दर्शनी भिंतीवर शत्रूंचे केस मुठीत धरलेला बारावा टॉलेमी राजा. बघताना वाटतं, दोन हजार वर्षं हे सगळं इथेच असणार.

नाही. हे बेट अगिल्किया. मूळचं फिले पलीकडे पाण्याखाली आहे. ते लोखंडी खांब वर आलेत ना, तिथे.

1902 मध्ये आस्वानचं पहिलं धरण झालं आणि देऊळ वर्षातले कित्येक महिने पाण्यात राहू लागलं. धरणाची भिंत पुढे दोनदा उंचावली. प्रवासी खांबांमधून होडीने फिरत! मग दक्षिणेला मोठं धरण आलं. फिले दोन धरणांमध्ये सापडलं आणि पाणी रोज खाली-वर होऊ लागलं. दगडाला ते सोसणारं नव्हतं.

1972 मध्ये युनेस्कोच्या मोहिमेतून काम सुरू झालं. बेटाभोवती पोलादी पत्र्यांची दुहेरी भिंत ठोकली, मधल्या पोकळीत वाळू भरली, आतलं पाणी उपसलं. गाळ काढला. दगड धुतले, मोजले, क्रमांक घातले आणि एकेक करून उतरवले: सुमारे 40,000. तिकडे अगिल्कियाचा खडक सुरुंग लावून फोडला आणि त्याला फिलेचा आकार दिला. देवळासाठी बेटसुद्धा घडवलं. 1980 मध्ये दारं उघडली.

गाईड घाई करतील, पण भिंतींपाशी रेंगाळा. हा काळपट पट्टा पाण्याचा. देवतांचे हे चेहरे ख्रिस्ती काळात छिन्नीने उडवलेले, शेजारी कोरलेले क्रूस. दारातला हा फ्रेंच मजकूर नेपोलियनच्या सैन्याचा, 1799 चा. आणि रोमन सम्राट हेड्रियनच्या दारातला हा ओबडधोबड लेख 24 ऑगस्ट 394 चा. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीतला, तारीख असलेला याच्यानंतरचा एकही लेख आजवर सापडलेला नाही.

देऊळ वाचलं, पण दक्षिणेच्या त्याच मोठ्या धरणापायी इजिप्तमधल्या सुमारे 50,000 नुबियन लोकांची, म्हणजे इथल्या नाईलकाठच्या मूळ रहिवाशांची, गावं पाण्याखाली गेली. त्यांना आस्वानच्या उत्तरेला कोम ओम्बो गावाकडे हलवलं.

हा रोमन सम्राट ट्राजानचा मंडप, चौदा खांबांचा, वर छप्पर नाही. फोटो इथलेच चांगले येतात. उन्हं चढायच्या आत या.