आजीचं गोंदण आणि पाच मिनिटांचा चेहरा

मंडळी, नमस्कार. चातुर्मास चालू आहे, लग्नाच्या तारखा नाहीत, म्हणून एवढे फोटोग्राफर आज एका छताखाली दिसतायत. हेच वैशाखात बोलावलं असतं तर समोर रिकाम्या खुर्च्या आणि दारात चहावाला, एवढंच असतं. मला विषय दिलाय 'पोर्ट्रेटचं रिटचिंग झटपट कसं करावं', म्हणजे काढलेल्या चेहऱ्याच्या फोटोची नंतरची साफसफाई. ठीक आहे. पण झटपट म्हणजे हात भराभर चालवणं असं कुणी धरून बसलं असेल तर त्याची निराशा होणार आहे. माझा हात आजही तुमच्यातल्या पोरांपेक्षा हळूच चालतो. तरी माझा अल्बम वेळेत जातो, कारण मी बरंच काही करतच नाही.

चाळीसगावात उभं राहायचं आणि छायाचित्रकार केकी मूस यांचं नाव घ्यायचं नाही, हे कसं जमेल? स्टेशनाजवळच्या त्या घरात या माणसानं टेबलावर लहानसहान वस्तू मांडून अख्खी दृश्यं उभी केली. टेबलटॉप म्हणतो आपण त्याला. ते फोटो बघताना मला नेहमी वाटतं, यातली सगळी मेहनत शटर दाबायच्या आधीची आहे. आपलं उलटं आहे. आपण धडाधड शटर दाबतो आणि मेहनत कॉम्प्युटरवर ढकलतो.

म्हणून पहिली वेळेची बचत स्टेजवरच. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास फिरतो. नवरदेवाच्या कपाळावर घाम, त्यावर लाईटची चमक. ती चमक रिटच करायला दर फोटोमागे तीन मिनिटं लागतात. टिश्यू पेपरनं टिपायला पाच सेकंद. खिशात टिश्यूचं पाकीट ठेवा. दुसरं, मंडपाचं कापड. हिरवा किंवा गुलाबी पडदा असेल तर त्याचा रंग उडून गालावर आणि हनुवटीखाली बसतो. नवरीला दोन पावलं पुढं घ्या, एवढंच पुरतं. आणि प्रत्येक लाईटच्या जागेवर एक फोटो ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचं करडं कार्ड, धरून काढा. हळदीच्या कार्यक्रमात तर काढाच. तिथं कॅमेऱ्याचा ऑटो व्हाईट बॅलन्स, म्हणजे आपोआप रंग जुळवणारी सोय, एवढा पिवळा बघून गोंधळतो, पिवळं कमी करायला जातो, आणि हळद लावलेला चेहरा फिक्का, आजारी दिसायला लागतो.

आता स्टुडिओत येऊ. पण त्याआधी माझी एक फजिती सांगतो, कारण माझं आजचं सगळं काम तिच्यातून आलंय.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. अमळनेर तालुक्यातल्या एका लग्नाचं काम मी केलं होतं. दीड-दोन महिन्यांनी त्याच घरातले भाऊ आले. म्हातारी गेली होती. गंधमुक्तीला लावायला लग्नातला तिचा एक फोटो मोठा करून हवा होता. मी रात्रभर बसलो. कपाळावरच्या आठ्या काढल्या, डोळ्यांखालचं काळं काढलं, आणि हनुवटीवर तीन हिरवट ठिपके होते तेही डाग समजून साफ केले. गोंदण होतं ते! सकाळी फ्रेम हातात दिली. भाऊ बराच वेळ बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "भाऊ, हाई मनी माय नही शे."

बरं, चूक कळली तर दुरुस्त करावी. पण दुरुस्त कशावरून करणार? मी मूळ फाईलवरच ब्रश चालवला होता, सगळे लेयर, म्हणजे फोटोवर एकावर एक ठेवलेले थर, एकत्र करून त्याच नावानं सेव्ह केली होती. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड पुढच्या लग्नासाठी कधीच फॉरमॅट केलेलं. शेवटी दुसऱ्या एका ग्रुप फोटोत मागच्या रांगेत म्हातारी सापडली, तिथून ते तीन ठिपके उचलून बसवले. जरा तिरपेच बसले. भाऊ काही बोलले नाहीत, फोटो घेऊन गेले. मला मात्र ते ठिपके आजही तिरपे दिसतात.

तेव्हापासून अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत मी मेमरी कार्ड पुसत नाही. फाईलच्या तीन प्रती असतात: कॉम्प्युटरवर एक, बाहेरच्या हार्डडिस्कवर एक, आणि तिसरी घरी, स्टुडिओत नाही. आग लागली, पाणी शिरलं, चोरी झाली तर एकाच खोलीतल्या दोन प्रतींचा काय उपयोग?

निवड करताना बहुतेक जण चांगले फोटो शोधतात. मी वाईट शोधतो. डोळे मिटलेले, हललेले, फोकस चुकलेले पहिल्या फेरीतच बाद. फोटोमागे दोन सेकंद, झूम करायचं नाही, हात माऊसवर नको, कीबोर्डवर पाहिजे. मग रंग. एका लाईटमधले फोटो एकत्र करायचे, त्यातला एक नीट करायचा, ग्रे कार्डावरून व्हाईट बॅलन्स घ्यायचा, उजेड लावायचा आणि तीच सेटिंग बाकीच्यांना एका फटक्यात द्यायची. आठशे फोटोंचं हे काम दुपारच्या जेवणाआधी होतं. यातल्या किती फोटोंना ब्रश लागणार? माझ्या हिशोबानं पन्नास. बाकीचे इथंच संपले.

रंग आधी का, हे मात्र नीट समजून घ्या. आधी त्वचा साफ केली आणि नंतर कॉन्ट्रास्ट वाढवला, तर जे डाग मगाशी दिसत नव्हते ते वर येतात. पुन्हा सगळं काम. कच्च्या भिंतीला आधी रंग देऊन मग गिलावा करायचा, तसं होतं ते.

आता ते पन्नास. सगळ्यात जास्त वेळ कशात जातो, मी माझ्याकडच्या पोरांच्या मागे उभं राहून बघितलंय. झूममध्ये! तीनशे टक्क्यांवर नाकाची छिद्रं मोजत बसलेले असतात. साधा हिशोब करा. बारा बाय अठरा इंचाचा फोटो तीनशे डीपीआयनं, म्हणजे इंचाला तीनशे ठिपक्यांनी, छापायचा तर ३६०० गुणिले ५४०० पिक्सेल, म्हणजे साधारण एकोणीस मेगापिक्सेल. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाईल जेमतेम तेवढीच. म्हणजे शंभर टक्क्यांच्या पलीकडे जे दिसतं ते पानावर कुणालाच दिसणार नाही. चार बाय सहाच्या ग्रुप फोटोत तर चेहरा नखाएवढा, तिथं छिद्रांचं काय घेऊन बसलात? आधी छापायचा आकार ठरवा, मग झूम.

ब्रश धरायच्या आधी रिकामा नवीन लेयर घ्या. हीलिंग ब्रशला वरच्या पट्टीत 'खालचे सगळे लेयर बघ' असं सांगायचं आणि काम त्या रिकाम्या लेयरवर करायचं. मूळ फोटोला हात लागत नाही. चुकलं तर लेयर पुसा, आजी परत येते. हीलिंग आणि क्लोन यांतला फरक अजूनही पुष्कळांना सांगावा लागतो. क्लोन स्टॅम्प एका जागेचं सगळं जसंच्या तसं उचलून दुसरीकडे ठेवतो. हीलिंग ब्रश पोत तिकडून घेतो आणि उजेड व रंग इथला ठेवतो. २००२ साली फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत तो आला, त्याआधी एक पुळी काढायची तरी क्लोनचे चार ठिपके टाकून मिसळत बसावं लागायचं. पण नथीच्या कडेला, केसांच्या रेषेजवळ, ओठाच्या काठावर हीलिंग वापरू नका. पलीकडचा रंग आत ओढतो आणि चिखल होतो. तिथं जुना क्लोनच बरा.

काय काढायचं? पुळी, खरचटलेलं, दाढी करताना कापलेलं: जे महिन्याभरात आपोआप जाणार आहे ते काढा. तीळ, व्रण, गोंदण माणसाबरोबर राहणार आहे, ते न विचारता काढायचं नाही. विचारायला लाजू नका. ऑर्डर घेतानाच वहीत लिहून घ्या, 'गालावरचा तीळ ठेवायचा'. कधी कधी नवरीच म्हणते, काढा. काढतो मी. चेहरा तिचा आहे.

डाग गेले की बहुतेक जण त्वचा धुवायला घेतात आणि तिथं माणूस प्लास्टिकचा होतो. वास्तविक आता उरलेलं काम उजेड-सावलीचं असतं. डोळ्यांखालचं काळं, गालावरचे उंचसखल पट्टे हे डाग नव्हेतच, त्या लहान लहान सावल्या आहेत. दोन कर्व्ह्ज लेयर घ्या, एक उजळ करणारा, एक गडद करणारा. दोघांचे मास्क, म्हणजे लेयर कुठं दिसावा ते ठरवणारे पडदे, काळे; काळं म्हणजे झाकलेलं, पांढरं म्हणजे उघडं. पांढऱ्या ब्रशचा फ्लो, म्हणजे एका फटक्यात सुटणारा रंग, तीन ते पाच टक्के ठेवून हळूहळू सावली उचला. वर तात्पुरता ब्लॅक अँड व्हाईटचा लेयर ठेवला तर रंग डोळ्यांना फसवत नाहीत. डोळ्यांखालची सावली अर्धी करा, पूर्ण काढली की माणूस सुजल्यासारखा दिसतो.

आमच्या आधीची माणसं हेच काम निगेटिव्हवर पेन्सिलनं करायची. निगेटिव्हमध्ये सुरकुती स्वच्छ, पारदर्शक दिसते. टोकदार पेन्सिलनं ती हलकेच भरली की प्रिंटवर तेवढी जागा उजळ होते. तेव्हा 'अनडू' नव्हतं, हात फार सांभाळून चालवावा लागायचा. आणि जुन्या घरांतल्या तसबिरींत बायांचं कुंकू काळं का दिसतं, कधी विचार केलाय? पूर्वीच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नव्हता. कुंकू काळं, आणि चेहऱ्यावरचा लालसर डागही काळा. त्या लोकांना रिटचिंगची गरज आपल्यापेक्षा जास्त होती, आणि तरीही त्यांनी माणसं ओळखू येतील अशी ठेवली.

फ्रिक्वेन्सी सेपरेशनचा प्रश्न चिठ्ठीवर आलाय. पोत एका लेयरवर, रंग आणि उजेड दुसऱ्यावर. खालचा लेयर ब्लर करायचा, वरच्यावर अप्लाय इमेज, आठ बिटच्या फाईलला सबट्रॅक्ट, स्केल दोन, ऑफसेट १२८, आणि मोड लिनियर लाईट. चांगली पद्धत आहे. मी पन्नासातल्या पाच फोटोंना वापरतो, मेकअप फाटलेला असेल तेव्हा. प्रत्येक चेहऱ्याला वापरणाऱ्याचा अल्बम बघितला की सगळं वऱ्हाड एकाच कुंभारानं घडवलंय असं वाटतं.

गोरेपणाचं काय, हाही प्रश्न आहेच. "मना फोटू गोरा कर" असं आपल्याकडे प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. उन्हातान्हात शेतात राबणाऱ्या माणसाचा चेहरा एक, टोपीखालचं कपाळ दुसरं आणि गळा तिसरा. पोरं फक्त चेहरा गोरा करतात, मग नवरदेवाचे हात दुसऱ्याच माणसाचे वाटतात. गिऱ्हाइकाला गोरं म्हणताना बहुतेक वेळा उजळ हवं असतं. चेहऱ्यावरचा उजेड थोडा वाढवा, रंग तसाच राहू द्या, कपाळ आणि गळा चेहऱ्याशी जुळवून घ्या. आपल्या त्वचेत पिवळा रंग मॅजेंटापेक्षा थोडा जास्त असतो. तो खाली आणला की माणूस गुलाबी होतो, गोरा नाही. दातांचंही तेच. पिवळेपणा कमी करा, पांढरा रंग फासू नका.

हे सगळे लेयर दरवेळी हातानं कशाला बनवायचे? एक ॲक्शन, म्हणजे पायऱ्यांची नोंद, करून ठेवा, एक बटण दाबलं की रिकामा लेयर, दोन कर्व्ह्ज, तात्पुरता ब्लॅक अँड व्हाईट, सगळं नावांसकट तयार. पेन टॅबलेट घ्या, स्वस्तातला चालेल. आणि घड्याळ लावा. एका चेहऱ्याला पाच मिनिटं. पाच झाली की हात वर, पूर्ण फोटो स्क्रीनभर बघा, आडवा उलटा करून बघा. आरशासारखा उलटला की डोळ्यांची सवय मोडते आणि चूक लगेच दिसते. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, छापायच्या आकारात आणल्यावर. लॅबला जाणारी जेपेग वेगळ्या नावानं, लेयरवाली फाईल वेगळी. आणि यूपीएस नसेल तर दर दोन मिनिटांनी सेव्ह. वीज कधी जाते ते तुम्हाला मी सांगायला नको.

नवीन सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये चेहरा साफ करतं, मग ही उठाठेव कशाला, असं मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. वापरा की. मीही वापरतो, पण वेगळ्या लेयरवर आणि निम्म्या ताकदीनं. त्याला पुळी कळते. गोंदण मलाच कळलं नव्हतं, त्याला कुठून कळणार?

बोलणं पुरे. पडद्यावर करून दाखवतो. लाईट लावलेत, कॅमेरा तयार आहे, मला एक चेहरा पाहिजे. पहिल्या रांगेतले दादा, तुम्ही या. हां, पण आधी हा टिश्यू घ्या आणि कपाळ टिपा.