बास्केटचं दार

नमस्कार श्रोतेहो. डिसेंबर आला की पुण्यात नोकरी करणारी आपली मुलं इंदूरला घरी यायला निघतात. हल्ली त्यांच्याबरोबर मांजरंही येतात. पुण्याहून नाशिक, धुळे, सेंधवा करत इंदूर म्हणजे सहाशे किलोमीटरच्या आसपास. गाडीनं सबंध दिवस जातो. एवढ्या वाटेत एकच नियम मोडायचा नाही. बास्केटचं दार उघडायचं नाही. मांजर कितीही ओरडलं तरी नाही.

याचा आमच्याकडचा किस्सा ऐका. लेक गाडी चालवत होती, मी पुढे, मागे आमच्या वन्सं आणि त्यांच्या शेजारी बास्केटमध्ये आमची मांजर ठमी. वन्सं सोवळ्याच्या. मांजर शिवलं तर स्वेटरसुद्धा धुवायला टाकतील. शिरपूर सोडलं, पळासनेर गेलं आणि बिजासन घाटात गाड्या थांबल्या. वर कुठंतरी ट्रक आडवा झाला होता. रात्र पडली, काचांवर वाफ धरली आणि ठमीनं सूर लावला. अगदी तान्ह्या बाळासारखा! लेक म्हणाली, "आई, पाच मिनिटं बाहेर काढू का तिला?" मी म्हटलं, अजिबात नाही.

एवढ्यात काचेवर टकटक. पुढच्या ट्रकचा क्लीनर, हातात स्टीलचा ग्लास. "माताजी, बच्चा कब से रो रहा है, गरम दूध लाया हूँ." ट्रकमधल्या स्टोव्हवर तापवलेलं, साखर घातलेलं दूध हो! वन्संनी काही न बोलता बास्केटवरची शाल उचलली. आत दोन हिरवे डोळे. तो दोन पावलं मागे सरला आणि हात जोडून म्हणाला, "इसको नीचे मत उतारना माताजी! रास्ता काट गई तो पूरा घाट सुबह तक यहीं खड़ा रहेगा."

मग ट्रकवाल्यांत बातमी पसरली. जो तो येऊन काचेतून बघे आणि "दरवाजा बंद रखना" बजावून जाई. मी इतका वेळ तेच सांगत होते, पण घरचं कोण ऐकतं? आणि दूध? मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही, त्यातून साखरेचं. ते वन्संनी प्यायलं. वर बास्केट मांडीवर घेऊन शालीत गुंडाळली, ती थेट खलघाटला नर्मदा ओलांडेपर्यंत. स्वेटर धुतला की नाही, मी विचारलं नाही.

आता वेळ थोडा उरलाय, भराभर सांगते. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, वाटेत ओकायचं नाही. पाणी घोट-घोट चालेल. बास्केट आठवडाभर आधी घरात उघडी ठेवा, म्हणजे मांजर आपणहून तिच्यात झोपू लागेल. आत तिचंच जुनं फडकं घाला, धुतलेलं नको. बास्केटला सीटचा पट्टा लावा आणि हीटरचा झोत सरळ तिच्यावर सोडू नका. थंडीनं अंग तापलं म्हणून आपली पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका. परत सांगते, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. अर्धी गोळीही नको.

वाटेत तुम्ही मात्र जेवा. हायवेवरचे ते चकाचक फूड मॉल मला आवडत नाहीत; सगळीकडे तोच टोस्ट, तोच चहा. आणि पोहे तर इंदूरच्या अलीकडे खाऊच नयेत. वरून भुरभुरायचा जिरावन मसाला नाही, शेव मोजून-मापून, त्याला काय पोहे म्हणायचं? असो.

घरी पोचलात की सरळ एका खोलीत न्या, खोलीचं दार लावा, मग बास्केटचं दार उघडा. आधी खोलीचं, मग बास्केटचं. पाणी, खाणं आणि शी-शूचा ट्रे तिथंच ठेवा. शेजारपाजारच्या मुलांना दुसऱ्या दिवशी बोलवा. मांजर पलंगाखाली जाऊन बसलं तर ओढून काढू नका, बसू द्या. चोवीस तास उलटले तरी पोटात काही गेलं नाही, तर मात्र पशुवैद्यांकडे न्या, आणि नेताना लसीचं कार्ड बरोबर घ्या. नमस्कार.