रांग, साठा आणि चढउतार: ऑपरेशन्स मॅनेजमेंटची पदवी शिकताना

विद्यार्थी मित्रहो,

बिझनेसच्या पदवीत ऑपरेशन्स मॅनेजमेंट, म्हणजे रोजचं काम पार पाडण्याचं व्यवस्थापन, हा विषय घेणाऱ्यांच्या मनात बहुधा दोन समज असतात. एक म्हणजे हा कारखान्याचा विषय आहे, आणि दुसरा म्हणजे गणित बरं असलं की निभावून जातं. पहिला समज लवकरच गळून पडतो, कारण रुग्णालयातल्या तपासण्या, कर्जाचे अर्ज, विमानतळावरचं सामान, कॉल सेंटर या सगळ्यांना तीच गणितं लागू पडतात. दुसरा समज शेवटच्या वर्षापर्यंत टिकतो आणि तोच नुकसान करतो. इथलं बरंचसं गणित गुणाकार-भागाकाराचं आणि थोड्या संख्याशास्त्राचं आहे. उत्तरं चुकतात ती सरासरी धरून पुढे गेल्यामुळे आणि चढउतार न मोजल्यामुळे. आज मी मुख्यतः त्यावरच बोलणार आहे.

आधी एक साधी रचना बघू, तीत चढउतार नाहीतच असं धरून. कापडी पिशव्या करायच्या आहेत. एक जण कापड कापतो, त्याला पिशवीमागे ४ मिनिटं लागतात. दुसरा शिवतो, ६ मिनिटं. तिसरा घडी घालून बांधतो, ३ मिनिटं. तासाला किती पिशव्या होतील? बरेच विद्यार्थी ४, ६ आणि ३ ची बेरीज करतात, १३ मिनिटं काढतात आणि ६० ला १३ ने भागतात. ते चूक आहे. तिघं एकाच वेळी काम करत असतात, म्हणून वेग ठरतो सर्वांत संथ टप्प्यावर. शिवण ६ मिनिटांची, म्हणून तासाला १० पिशव्या. १३ मिनिटं हा पहिल्या पिशवीचा प्रवास आहे, उत्पादनाचा वेग नाही. या दोन आकड्यांची गल्लत हीच पहिल्या सत्रातली सर्वांत मोठी चूक.

एकेक पिशवी पुढे देत गेलं, तर १०० पिशव्यांना १३ अधिक ९९ गुणिले ६, म्हणजे ६०७ मिनिटं लागतात. आता कापणाऱ्याला नवं यंत्र दिलं आणि त्याचा वेळ ४ वरून २ मिनिटांवर आला. वेळ निम्मा झाला! पण एकूण वेळ होतो ६०५ मिनिटं. वाचली ती फक्त २, आणि शिवणाऱ्यासमोर कापलेल्या कापडाचा ढीग मात्र चौपट वेगानं वाढू लागला. उलट शिवणीवर आणखी एक माणूस बसवला, तर तिथे तासाला २० पिशव्यांची क्षमता येते, तरी उत्पादन २० होत नाही. आता अडणारा टप्पा कापण्याचा, म्हणून तासाला १५. शंभर पिशव्या ४०९ मिनिटांत होतात. बॉटलनेक, म्हणजे हा अडणारा टप्पा, नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. म्हणून सुधारणा सुचवताना त्याच दमात सांगायला हवं की पुढचा बॉटलनेक कोणता.

आणखी एक बदल करा. एकेक पिशवी पुढे न देता शंभरच्या शंभर कापून झाल्यावरच गठ्ठा पुढे द्यायचा. मग लागतात ४०० अधिक ६०० अधिक ३००, म्हणजे १३०० मिनिटं. माणसं, यंत्रं, कौशल्य सगळं तेच, तरी वेळ दुपटीहून जास्त. गठ्ठा दहाचा केला की ६७० मिनिटं. लहान गठ्ठ्याचा फायदा समजावण्यासाठी यापेक्षा सोपं उदाहरण मला माहीत नाही, आणि प्रत्येकानं ते एकदा स्वतःच्या हातानं कागदावर मांडून बघावं. विद्यार्थी इथे हमखास विचारतात, की लहान गठ्ठा केला तर यंत्राची जुळणी पुन्हा पुन्हा करावी लागणार नाही का? पुढे द्यायचा गठ्ठा आणि एका जुळणीत करायचा गठ्ठा वेगवेगळे असू शकतात. पिशवी एकाच प्रकारची असेल तर दहा-दहा पुढे देण्यासाठी जुळणी मोडावी लागत नाही.

आता चढउतार आत येऊ द्या. एक खिडकी आहे, प्रत्येक कामाला सरासरी ६ मिनिटं लागतात. माणसं कधीही येतात आणि कामाचा वेळही कमीजास्त होतो. रांगशास्त्राचं सर्वांत साधं सूत्र सांगतं: खिडकी जितका वेळ व्यग्र, त्या प्रमाणाला मोकळ्या वेळाच्या प्रमाणानं भागा आणि कामाच्या सरासरी वेळानं गुणा. ८० टक्के व्यग्रतेला रांगेतली सरासरी वाट २४ मिनिटं. ९० टक्क्यांना ५४. ९५ टक्क्यांना ११४. शेवटच्या ५ टक्क्यांनी वाट पाहणं दुपटीहून अधिक झालं. 'माणूस रिकामा बसता कामा नये' हा हिशेब किती महाग पडतो ते इथे दिसतं. कामाचा वेळ अगदी ठरावीक ६ मिनिटांचा केला, म्हणजे फक्त त्यातला चढउतार काढला, तर याच सूत्रातली वाट निम्मी होते. आणि ९० टक्के व्यग्र असलेल्या दोन खिडक्यांपुढे दोन रांगा न लावता एकच सामाईक रांग लावली, तर ५४ मिनिटांची वाट सुमारे २६ मिनिटांवर येते. एकही माणूस न वाढवता! हे सूत्र येणाऱ्यांचा ओघ आणि कामाचे वेळ विशिष्ट प्रकारे विखुरलेले आहेत असं धरतं, म्हणून प्रत्यक्षात आकडे बदलतील. वक्राचा आकार मात्र तसाच राहतो.

साठ्याच्या धड्यात हीच गोष्ट वेगळ्या वेषात भेटते. किती मागवायचं याचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलं आणि ते सगळ्यांना पाठ असतं. ते बरंच क्षमाशील आहे: योग्य संख्येच्या दीडपट मागवलं तरी माल मागवण्याचा खर्च आणि साठवणखर्च मिळून सुमारे ८ टक्क्यांनीच वाढतात. त्यामुळे तिथे दशांश चिन्हापुढच्या अंकांवर भांडू नका. खरी परीक्षा राखीव साठ्यात असते, म्हणजे मागणी किंवा माल येण्याचे दिवस वाढले तर पुरावा म्हणून जास्तीचा ठेवलेल्या मालात.

समजा रोजची मागणी सरासरी १०० नग, प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउताराचं माप) २०, आणि माल यायला ९ दिवस लागतात. नऊ दिवसांचं विचलन किती? २० गुणिले ९, म्हणजे १८०, असं लिहिलंत की उत्तर गेलं. दिवस एकमेकांवर अवलंबून नसतील तर बेरीज विचलनांची होत नाही, त्यांच्या वर्गांची होते. म्हणून २० गुणिले ९ चं वर्गमूळ, म्हणजे ६०. माल मागवण्याच्या शंभरातल्या ९५ फेऱ्यांमध्ये माल संपू नये असं हवं असेल तर सामान्य वितरणाच्या तक्त्यातला १.६४५ गुणिले ६०, म्हणजे सुमारे ९९ नग राखीव. नऊ दिवसांची सरासरी मागणी ९०० आणि हे ९९ मिळून, साठा ९९९ वर आला की पुढची ऑर्डर नोंदवायची.

आता पुरवठादाराचे ९ दिवस कधी ७ तर कधी ११ होतात, प्रमाण विचलन २ दिवसांचं आहे असं धरा. दोन दिवसांचे २०० नग आणि आधीचे ६० यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं, की एकत्रित विचलन ६० वरून जवळजवळ २०९ वर जातं आणि राखीव साठा ९९ वरून सुमारे ३४३ वर. मागणी तीच, सरासरी दिवस तेच. मागणीचा अंदाज सुधारण्यात महिने घालवणाऱ्यांनी आधी पुरवठादाराच्या तारखा एका स्तंभात लिहून काढाव्यात, असं मला फार वाटतं. शिवाय ९५ टक्के हा आकडा फेऱ्यांचा आहे, ग्राहकांचा नाही. वरच्या पहिल्या उदाहरणात दर वेळी १००० नग मागवत असाल, तर एका फेरीत सरासरी सव्वा नगाचाच तुटवडा येतो. म्हणजे मागणीचा ९९.८ टक्क्यांहून जास्त भाग वेळेवर पुरा होतो. अहवालात 'सेवापातळी ९५ टक्के' लिहिण्याआधी कशाचे टक्के ते लिहा.

गुणवत्तेचा धडा थोडक्यात, पण त्यातली एक चूक सांगायलाच हवी. नियंत्रण तक्ता, म्हणजे प्रक्रिया बिघडते आहे का ते दाखवणारा आलेख, वॉल्टर शुहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडला. समजा पाकिटात ५०० ग्रॅम भरायचे आहेत, ग्राहकाला ४९५ ते ५०५ चालतं आणि भरणीचं प्रमाण विचलन २ ग्रॅम आहे. चार-चार पाकिटांची सरासरी तक्त्यावर मांडली तर त्या सरासरीचं विचलन २ भागिले ४ चं वर्गमूळ, म्हणजे १, म्हणून तीन विचलनांवर आखलेल्या नियंत्रणरेषा ४९७ आणि ५०३. विद्यार्थी तिथे ४९५ आणि ५०५ आखतात. मग यंत्र सरकून ५०२ वर गेलं तरी तक्ता जवळजवळ कधीच इशारा देत नाही, आणि शंभरातली सहा-सात पाकिटं मर्यादेबाहेर जात राहतात. आणि याच यंत्राची सरासरी अगदी ५०० वर असली, तक्ता पूर्ण शांत असला, तरीही शंभरात एखादं पाकीट बाहेर जाणारच, कारण भरणीचा पसरच मर्यादेपेक्षा मोठा आहे. यंत्र स्थिर आहे का आणि यंत्र पुरेसं चांगलं आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्ये, म्हणजे दिलेल्या अटींत सर्वांत चांगला पर्याय शोधण्याच्या गणितात, उत्तर सॉफ्टवेअर काढतं, म्हणून तुमचा वेळ अटी लिहिण्यात जाऊ द्या आणि प्रत्येक अटीच्या दोन्ही बाजूंची एककं जुळतात का ते तपासा.

शेवटी प्रकल्पाबद्दल. एखादी चालू प्रक्रिया निवडा आणि विभागाच्या मागे न जाता एका अर्जाच्या किंवा एका वस्तूच्या मागे सुरुवातीपासून शेवटपर्यंत जा. प्रत्येक टप्प्यावर तीन वेळा नोंदवा: वस्तू आली कधी, काम सुरू झालं कधी, संपलं कधी. फक्त आगमन आणि शेवट नोंदवलात तर काम आणि वाट वेगळी करता येत नाही, आणि मग सगळा अहवाल निरुपयोगी होतो. किमान ३० नोंदी घ्या, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या वारी. बंद पडलेलं यंत्र, परत आलेलं काम, जेवणाची सुट्टी या नोंदी 'अपवाद' म्हणून खोडू नका, त्यांना वेगळा रकाना द्या. समोर स्टॉपवॉच दिसलं की काम करणाऱ्याचा वेग बदलतो, म्हणून आपण माणसाला नव्हे तर प्रक्रियेला मोजतो आहोत हे आधी स्पष्ट सांगा आणि पहिल्या काही नोंदी हिशेबात धरू नका. नोंदी ज्या क्रमानं घेतल्या त्याच क्रमानं आलेखावर मांडा. नुसती सरासरी काढली की दुपारनंतरची घसरण दिसत नाही.

मग पडताळणी. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की दीर्घकाळात प्रक्रियेत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले आत घालवलेला सरासरी वेळ. तासाला ३० अर्ज येत असतील आणि प्रत्येक सरासरी १२ मिनिटं आत राहत असेल, तर कधीही मोजलं तरी सरासरी ६ अर्ज आत दिसायला हवेत. दिवसातून दहा-बारा वेळा नुसते अर्ज मोजा. तुमची मोजणी सरासरी ११ येत असेल, तर घड्याळ उशिरा सुरू झालं आहे, किंवा काही अर्ज तुमच्या वहीत न येता टेबलावर पडून आहेत. ते पाच अर्ज शोधून काढा. बहुधा ते कुणाच्या तरी सहीसाठी थांबलेले असतात.