विहिरीपासून वारेपर्यंत

[दृश्य : पहाट. विहिरीचा काठ, दोर, कळशी.]

पुणे जिल्ह्यातील या विहिरीत दोर सोडला जातो, कळशी बुडते, आणि सातवा महिना चालू असलेली ही बाई दोन्ही हातांनी ती वर ओढून घेते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी असा भार तोलत ती घराची चढण चढते. घरी धुण्याचा ढीग आणि चूल वाट पाहत आहेत, आणि त्यानंतर शेत.

अशाच पाण्याच्या खेपांची मोजदाद पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला, आणि त्याचे वेगळेपण असे की तो गरोदर स्त्रियांपासून नव्हे, तर त्याआधीपासून सुरू झाला. दोन हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांच्या दारी कार्यकर्त्या दर महिन्याला जात आणि पाळीची तारीख लिहून घेत, त्यामुळे दिवस गेल्याचे अगदी सुरुवातीलाच कळे. मग ताटात काय पडते, पाणी कोण भरते, शेतात किती राबावे लागते, हे सारे वहीत उतरत गेले. ज्या स्त्रियांना अधिक कष्ट उपसावे लागले, त्यांची बाळे सरासरीने वजनाला कमी भरली आणि त्यांच्या डोक्याचा व दंडाचा घेरही लहान निघाला. ज्यांच्या जेवणात पालेभाजी, फळे आणि दूध वरचेवर होते, त्यांची बाळे अधिक भरली.

[दृश्य : नवजात बाळाच्या पाठीवर मोजमापाचा चिमटा.]

खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमटीत धरून चरबीची जाडी मोजली जात आहे. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे सरासरी वजन ३.५ किलो, तर या गावांतील बाळांचे २.७ किलो होते. स्नायू कमी, पोटातील अवयव लहान, पण पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ तितकीच होती. दिसायला काटकुळ्या, तरी आतून चरबी राखणाऱ्या या बाळांना डॉ. याज्ञिकांनी ‘थिन-फॅट’ म्हटले.

[दृश्य : दोन डॉक्टरांचे एकत्र छायाचित्र.]

हे स्वतः डॉ. याज्ञिक, आणि शेजारी ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के भरली.

भारतीयांची जनुकेच तशी, असे म्हणून येथे थांबता आले असते. परंतु जनुक असणे वेगळे आणि ते कामाला लागणे वेगळे. जनुके ज्याची बनलेली असतात त्या डीएनएवर मिथाइल नावाचे लहान रासायनिक गट चिकटतात, आणि जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर ते दाटले की बहुधा त्याचे काम मंदावते. जनुकाची अक्षरे मात्र जशीच्या तशी राहतात. या मिथाइलचा पुरवठा चालू ठेवण्यासाठी बी-१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वे लागतात. या गावांतील सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांत बी-१२ कमी होते, कारण ते दूध, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळते, आणि या ताटांत ते जेमतेमच पडत होते.

[दृश्य : प्रयोगशाळा. पिलांना चाटणारी उंदरीण.]

ताणही जनुकांवर असाच उमटतो. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवले की, ज्या पिलांना आई भरपूर चाटते, त्यांच्या मेंदूत ताणाच्या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या जनुकावर मिथाइल कमी असते आणि मोठेपणी ती ताणातून लवकर सावरतात. कमी चाटणाऱ्या आईची पिले भरपूर चाटणाऱ्या आईच्या कुशीत ठेवली, तर तीही तशीच घडतात. माणसात आईचे कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक बाळापर्यंत फार पोहोचू नये म्हणून वारेतील, म्हणजे गर्भाशयात बाळाला आईशी जोडणाऱ्या अवयवातील, एक एन्झाइम त्यातले बरेचसे निष्क्रिय करते. बाळाला हा आडोसा देणाऱ्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरवणे मात्र घरातल्या माणसांच्याच हाती आहे.

पुण्याजवळच्या त्या गावांत ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीराने दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक आढळले, आणि बी-१२ फार कमी असलेल्या मातांची मुले नवव्या वर्षी लक्ष एकाग्र करण्याच्या चाचणीत मागे पडली.

[दृश्य : हातावर गोळी, पाण्याचा पेला.]

२०१२ साली त्याच मुलांना, आता वयात आलेल्या मुलींना आणि मुलांनाही, रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याची चाचणी सुरू झाली. तपासणी झाली ती त्यांना पुढे झालेल्या बाळांची. लग्नाआधी, दिवस जाण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेल्या त्या गोळ्यांचा हिशेब बाळाच्या नाळेतील रक्तात पाहिला गेला.

[दृश्य : टांगत्या काट्याला अडकवलेली झोळी. काटा स्थिर होतो.]