हाउई रोझमनचा हिशोब

ही खोली बघा. ३० एप्रिल २०२१, अमेरिकन फुटबॉलमधल्या फिलाडेल्फिया ईगल्स टीमची ड्राफ्टची रूम, म्हणजे जिथे बसून कॉलेजमधले नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात ती, तिसरा राउंड. टीमने आत्ताच मिल्टन विल्यम्स नावाचा पोरगा घेतलाय, ७३ नंबरला, आणि त्याआधी ७० वरून तीन जागा मागे सरकून एक जादा पिकपण (खेळाडू निवडायची पाळी) पदरात पाडून घेतलाय. टेबलाभोवती फिरून सगळ्यांच्या मुठीला मूठ लावतोय तो हाउई रोझमन, टीमचा जीएम, म्हणजे जनरल मॅनेजर. आता इथे थांबा. हे वयस्कर सल्लागार, यांचा चेहरा बघा. अजिबात खूश नाहीत. काही सेकंदांची क्लिप, पण ती सगळीकडे फिरली आणि कित्येकांनी तेवढ्यावरच ठरवून टाकलं की या जीएमला काही कळत नाही.

आम्हाला या ठरवून टाकण्याबद्दलच बोलायचंय.

जे अमेरिकन फुटबॉल बघत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं. टीममध्ये कोण असणार, त्याला किती पैसे, किती वर्षं, कोणाला कधी सोडायचं, हे सगळं जीएमचं काम. आयपीएलच्या लिलावात पर्स असते तशी इथे सॅलरी कॅप, मूळ मर्यादा सगळ्या टीमना सारखी, २०२४ ला ती होती २५ कोटी ५४ लाख डॉलर. पण इथे एक गंमत आहे, खेळाडूला आज दिलेला बोनस कॅपमध्ये पुढच्या पाच वर्षांवर वाटून लावता येतो, म्हणजे हप्त्याने फ्रिज घेतल्यासारखं, आणि खेळाडू मध्येच गेला तर राहिलेले हप्ते तुमच्याच कॅपमधून वजा होतात. याला डेड मनी म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हाउई स्वतः मोठा खेळाडू वगैरे नव्हता. न्यू जर्सीत वाढलेला, वकिलीचं शिक्षण घेतलेला, टीम्सना पत्रांवर पत्रं लिहून २००० साली ईगल्समध्ये इंटर्न म्हणून लागला आणि कॅपचे आकडे सांभाळत बसला. २०१० ला जीएम झाला तेव्हा वय ३४, लीगमधला सगळ्यात तरुण. २०१५ ला खेळाडू निवडायचा अधिकार काढून कोच चिप केलीकडे दिला गेला, वर्ष संपायच्या आत कोचच गेला आणि सूत्रं परत हाउईकडे आली. फेब्रुवारी २०१८ ला टीमने पहिल्यांदा सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला.

(दृश्य: २०२० चा ड्राफ्ट, कोविडमुळे सगळे आपापल्या घरून)

आता चूक. २०२० ला २१ नंबरवर ईगल्सनी रिसीव्हर (पास पकडणारा) घेतला जेलन रेगर, आणि लगेच २२ नंबरवर मिनेसोटाने घेतला जस्टिन जेफरसन, जो पुढे लीगमधल्या सगळ्यात भारी रिसीव्हरांपैकी एक झाला. फिलाडेल्फियात ही जखम अजून ओली आहे, कुठल्याही दुकानात, कुठल्याही बसमध्ये विषय काढून बघा. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या राउंडला, ५३ नंबरवर, हाउईने जेलन हर्ट्स घेतला तेव्हापण लोक चिडले, कारण हर्ट्स क्वार्टरबॅक (पास फेकणारा) आणि टीमकडे क्वार्टरबॅक होता की, कार्सन वेंट्झ, आणि आदल्याच वर्षी त्याच्याशी ४ वर्षं १२ कोटी ८० लाख डॉलरचा करार झालेला.

तो सीझन वाईट गेला, ४ विजय, ११ पराभव, १ बरोबरी. कोच डग पेडरसनला काढलं. हाउईला ठेवलं.

आणि इथून पुढचं आम्हाला नीट दाखवायचंय, म्हणून या टेबलावर चिठ्ठ्या लावल्यात, कॅमेरा जरा जवळ घेतोय.

ही पहिली चिठ्ठी, वेंट्झ. त्याला इंडियानापोलिसला पाठवलं तेव्हा ईगल्सच्या कॅपवर जवळपास ३ कोटी ३८ लाखांचा डेड मनी बसला, त्यावेळचा लीगमधला विक्रम, आणि त्या वर्षीची अख्खी कॅप होती १८ कोटी २५ लाख. म्हणजे सहाव्या हिश्शाहून जास्त रक्कम अशा माणसावर जो आता दुसऱ्या टीमकडून खेळतोय. करार हाउईनेच केलेला आणि त्याचं बिलपण त्यानेच एका फटक्यात भरलं, पुढे ढकललं नाही.

बदल्यात आलेला मुख्य पिक, ही दुसरी चिठ्ठी, २०२२ चा पहिल्या राउंडचा १६ नंबर. तो ठेवला नाही, तो आणि १९ नंबर न्यू ऑर्लिन्सला देऊन त्यांच्याकडून १८ नंबर, १०१ नंबर, २०२३ चा पहिला राउंड आणि २०२४ चा दुसरा राउंड घेतला. आता एकेक बघा. १८ आणि १०१ टेनेसीला दिले, आला ए जे ब्राउन. २०२३ चा पिक निघाला १० नंबर, एक जागा वर सरकून घेतला जेलन कार्टर. २०२४ चा निघाला ५० नंबर, तो वॉशिंग्टनबरोबरच्या सौद्यात घालून ४० वर येऊन घेतला कूपर डीजीन.

एका फसलेल्या करारातून तीन माणसं. रेगरची रात्र सगळ्यांना पाठ असते, ही साखळी कोणाला माहीतच नसते आणि मग जीएमला मार्क देतात.

(दृश्य: ९ फेब्रुवारी २०२५, न्यू ऑर्लिन्स)

सुपर बोल, समोर कॅन्सस सिटी. हा डीजीन, आज त्याचा २२ वा वाढदिवस, कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक महोम्स, त्याचा पास मधेच पकडून ३८ यार्ड पळत टचडाउन, म्हणजे बॉल थेट समोरच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये. हा ब्राउन, एंड झोनमध्ये, त्याचापण टचडाउन. क्वार्टरबॅक हर्ट्स, तोच ५३ नंबरवाला, सामन्याचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. आणि चौथ्या क्वार्टरला महोम्सच्या हातातून बॉल उडवून स्वतःच त्यावर पडलाय तो ९३ नंबरचा जर्सीवाला, मिल्टन विल्यम्स. त्या खोलीतला तिसऱ्या राउंडचा पोरगा. स्कोअर ४०–२२.

मधे २०२३ ला टीम १० विजय १ पराभव इथून ११ विजय ६ पराभव इथे घसरली, तेपण सांगायला हवं.

(दृश्य: १४ फेब्रुवारी, विजयाची मिरवणूक, हाउईचं कपाळ, क्लोजअप)

गर्दीतून आलेला बिअरचा कॅन लागला. स्टेजवर माइक हातात घेऊन म्हणाला, या शहरासाठी मी रक्त सांडतो.

(निवेदन थांबतं, गर्दीचा आवाज)

मार्चमध्ये विल्यम्स गेला, न्यू इंग्लंडला, ४ वर्षं १० कोटी ४० लाख. हाउईने तेवढे मोजले नाहीत.

एप्रिल २०२५, ग्रीन बे. पहिल्या राउंडचा शेवटचा पिक ईगल्सचा, ३२ नंबर. हाउई सौदा करतो कोणाशी तर कॅन्सस सिटीशीच, फक्त एक जागा वर यायला. ३१ नंबर, अलाबामाचा लाइनबॅकर (बचावातला खेळाडू) जिहाद कॅम्पबेल, खांद्याचं ऑपरेशन होऊन दोन महिनेपण झालेले नाहीत.