मोस्कातेलमध्ये सोडा घालू नका

मंडळी, पत्रिकेत "सेतूबालची मोस्कातेल: उगम आणि आस्वाद" असा भारदस्त विषय छापलाय, म्हणजे पोर्तुगालातल्या सेतूबालची गोड वाईन, पण आधी मला माझ्या साडूबद्दल बोलायचंय. हसू नका, साडू तुम्हालाही आहेत.

तर लिस्बनहून येताना दोन लिटर दारूची सूट असते, हे इथे कुणाला सांगायची गरज नाही. त्यातली मोस्कातेलची एक बाटली मी साडूच्या पन्नाशीला आणली, दहा वर्षं पिंपात मुरलेली, द्राक्षं पांढरी पण रंग मधाचा. आदल्या दिवशी ठाण्याला नेऊन दिली ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी बघतो तर उंच ग्लासात बर्फ, वर सोडा, वर लिंबू पिळलेलं, बाजूला चिकन चिली, आणि मलाच विचारतो, "काय राव, खोकल्याचं औषध आणलंत होय? ह्यापेक्षा गोव्याची पोर्ट वाईन बरी की!" आता गोव्याच्या पोर्टवर माझा राग नाही, कॉलेजात तिनेच सांभाळलंय आपल्याला, पण तुलना?

गंमत पुढेच आहे. आमच्या सासूबाई, जन्मात थेंब घेतला नाही, त्यांनी उरलेल्या बाटलीचा नुसता वास घेतला नि म्हणाल्या, "संत्र्याची सालं घातलीत का हो ह्यात? आणि बेदाणे?" परीक्षक लोक हेच सांगायचे पैसे घेतात!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बरं, भराभर.

लिस्बनच्या दक्षिणेला, तेजो आणि सादो नद्यांच्या मधला भाग, आर्राबिदाचा डोंगर, सेतूबाल, पाल्मेला, आझेतांव (आपल्या पावाचा मूळ पोर्तुगीज शब्द पांव, तोच शेवट). द्राक्ष मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया. रस आंबायला लागला, साखर अजून शिल्लक आहे, तेवढ्यात द्राक्षाचंच कडक मद्य ओततात, यीस्ट मरतं, गोडी उरते. म्हणजे साखर वरून घातलेली नाही, एवढं तरी घरी जाऊन सांगा. मग द्राक्षांची सालं काही महिने त्यातच ठेवतात, सासूबाईंचं संत्रं तिथून आलं. अल्कोहोल साधारण सतरा-अठरा टक्के, म्हणून छोटा ग्लास, थोडी गार, बर्फ नाही.

आता खरं व्याख्यान जे होतं ते दोन वाक्यांत. जोझे मारिया द फोन्सेका ही 1834 ची कंपनी, त्या काळात पिंपं जहाजांवरून ब्राझील, आफ्रिका, भारताकडे विकायला जायची, न विकलेली परत यायची, आणि विषुववृत्त दोनदा ओलांडलेली ती वाईन घरच्यापेक्षा भारी लागायची, तिचं नाव तोर्ना-व्हियाजें, म्हणजे परतीच्या प्रवासाची. उष्णता आणि हेलकावे, बाकी काही नाही. 2000 साली साग्रेश ह्या शिडाच्या जहाजावरून पिंपं पाठवून परत करून बघितलं त्यांनी. आणि सेतूबालचाच कवी बोकाज 1786 मध्ये गोव्याला आला नि गोव्यावर नुसती आगपाखड करत बसला, त्याला मात्र समुद्र मानवला नाही. हा वेगळा विषय आहे, पुढच्या वर्षी बोलवा.

सोबत काय? आझेतांवचं मेंढीच्या दुधाचं चीज, तिथे ते काटेरी फुलाच्या विरजणाने लावतात. ते आज नाहीये. मागच्या टेबलावर छोटे ग्लास मांडलेत. सोडा मुद्दाम ठेवलेला नाही.